गोटीराम तिडक्याची दाढ

गोटीराम तिडक्याच्या हातात पाण्याची बाटली दिसली नाही, की मखमलाबादेत माणसांना चुकल्यासारखं व्हायचं. फुलबाजारात जाताना बाटली, मळ्यात शेवंती तोडताना बाटली, लग्नाला बाटली, मयतीलासुद्धा बाटली. दोन वाक्यं बोलला की एक घोट. बाजारातले गडी म्हणायचे, "अण्णा, एवढं पाणी गलांड्याला पाजलं असतं तर फूल केवढं झालं असतं." गोटीराम हसायचा. हसताना त्याचं तोंड बोटभरच उघडायचं, त्यामुळे तो मनापासून हसतोय की तोंडदेखलं, हे समोरच्याला कळायचं नाही. खरं तर त्याचं त्यालाही कळेनासं झालं होतं.

"उष्णता हाय अंगात," एवढंच तो सांगायचा. उष्णता म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढं काही विचारत नाही. ती सगळ्यांनाच असते.

या उष्णतेची सुरुवात झाली चौऱ्याण्णव साली, डाव्या कानापासून. कान बसल्यासारखा झाला. भागुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. कान उघडला नाही. मग नाकातून रक्त यायला लागलं. उन्हाळा होता, तेव्हा कांदा फोडून हुंगायला दिला, डोक्यावर गार पाणी थापलं. मग मानेला गाठ आली. शहरातल्या एका डॉक्टरनं ती टीबीची ठरवून गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, आणि गाठ सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. कानाला तेल, रक्ताला कांदा, गाठीला गोळ्या. या तिन्ही तक्रारी एकाच जागेतून निघाल्यात, हे कुणाच्या डोक्यात येणार?

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या मागं आणि घशाच्या वर एक पोकळी असते, तिथं कॅन्सर आहे, मानेतली गाठ तिथूनच आलेली. गोटीरामनं चित्र नीट बघून घेतलं. आपल्या डोक्यात अशी एक खोली आहे आणि पंचेचाळीस वर्षं आपल्याला तिचा पत्ता नव्हता, याचंच त्याला जास्त नवल वाटलं. भीती मागाहून येईल अशी त्याची समजूत होती. ती काही आली नाही. तिच्या जागी एक बधिरपणा आला आणि तो मुक्कामालाच राहिला.

उपचार म्हणजे किरणं द्यायची होती. तिथले पेशंट त्याला लाईट म्हणायचे. लाईट सुरू करण्याआधी त्याला दातांच्या विभागात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याच्या दोन किडक्या दाढा आधीच काढून टाकल्या, त्या भरून येईपर्यंत थांबायला लावलं आणि मग समोर बसवून म्हणाल्या, "काका, लाईटमुळे जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळतं. पुढं कधी दाढ काढायची वेळ आली तर त्या डॉक्टरला आधी सांगायचं, की मला लाईट दिलेली आहे. दहा वर्षांनी वेळ आली तरी सांगायचं. नाहीतर जखम भरत नाही, हाड कुजतं. काय सांगायचं?"

"मला लाईट दिल्याली हाय."

"कधी सांगायचं?"

"दाढ काढायच्या आधी."

शाळेतल्या पोराकडून पाढा म्हणून घ्यावा तसं त्यांनी ते म्हणून घेतलं. गोटीराम ते वाक्य कधीच विसरला नाही. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते विसरण्यामुळे झालं असं कुणाला वाटायला नको.

धर्मशाळेच्या वऱ्हांड्यात स्टोव्हवर भागुबाई पेज करायची आणि गोटीराम रोज लाईट घ्यायला जायचा. तोंडावर साचा बसवून त्याला टेबलाशी जखडायचे. सुरुवातीला काहीच वाटलं नाही. मग तोंड आलं, असं आलं की पाण्याचा घोटसुद्धा चटका द्यायचा. थुंकी आधी तारेसारखी चिकट झाली आणि मग संपलीच. मानेची कातडी काळी पडून सोलवटली. सलाईनमधून जे औषध द्यायचे त्यानं उलट्या व्हायच्या, कानात रातकिडे ओरडायचे आणि तळपायांना मुंग्या यायच्या. चव गेली. गूळ, मीठ, पेज, औषध, सगळं एकाच जातीचं लागायला लागलं. शेजारच्या पलंगावरचा माणूस एके दिवशी ओक्साबोक्शी रडला. गोटीराम त्याच्याकडे बघत राहिला आणि मनात म्हणाला, याला रडू तरी येतंय.

लाईट संपली, गाठ विरघळली, पण जबडा आखडून तोंड बोटभरच उघडायला लागलं. परतीच्या एसटीत कसाऱ्याचा घाट चढताना भागुबाई म्हणाली, "गावात काय सांगायचं?"

घरात त्यांची मुलगी साधना होती, लग्नाला आलेली. ज्या घरात तो रोग झाला त्या घरची पोरगी कोण करणार? लोक म्हणतात रक्तात उतरतो. लोक म्हणतात ताटातून लागतो. लोकांना म्हणायला काय लागतं?

"कानाचं ऑपरेशन झालं म्हणायचं," गोटीराम म्हणाला. इगतपुरी यायच्या आत कानाचं ऑपरेशन पक्कं झालं. काळी मान मफलरीखाली गेली, आणि गळ्याखालची दाढी उगवायची कायमची बंद झाली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांनी सायखेड्याचं स्थळ आलं. नदीकाठची चांगली जमीन, थोरला मुलगा दातांचा डॉक्टर, नाशकात पंचवटीत त्याचा दवाखाना, आणि नवरा मुलगा म्हणजे धाकटा महेश, सातपूरला कंपनीत कामाला. मुलांचे वडील कधीच वारलेले. घरचा सगळा कारभार आई नवसाबाईच्या हातात. बाई तोंडानं फटकळ, पण मनात एक आणि ओठांवर एक अशातली नव्हे. मुलगी बघायला आल्या तेव्हा चहाची बशी खाली ठेवता ठेवता त्या सहज बोलून गेल्या, "याच्या आधी एक स्थळ बघितलं होतं आम्ही चांदोरीचं. पोरगी गोरीपान. पण तिच्या आत्याला कॅन्सर झाला होता. म्हटलं, नको बाई. जाणूनबुजून कशाला घरात घ्यायचं?"

गोटीरामनं त्यांना स्वतःच्या उजव्या कानाच्या बाजूला बसवलं होतं, कारण तोच कान चालत होता. त्यानं शब्द न् शब्द ऐकला. भागुबाईचा हात पोह्यांच्या ताटलीवर तसाच थांबला. गोटीरामनं बाटली उघडली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "बराबर हाय तुमचं."

लग्न झालं. पंगतीत नवऱ्याकडच्या चुलत्यांनी व्याह्याला घास भरवायचा म्हणून अख्खी जिलबी उचलली आणि त्याच्या तोंडापाशी नेली. तोंड बोटभर उघडणार आणि जिलबी तळहाताएवढी. सगळे बघायला लागले. गोटीरामनं ती हातात घेतली, तुकडा मोडून आत सरकवला आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. कुणीतरी म्हणालं, व्याही पाण्यावरच जगतात वाटतं. मांडवभर हशा झाला. साधना तेवढी हसली नाही.

पुढची वर्षं गेली. ती कशी गेली, हे सांगण्यासारखं फार नाही, आणि गोटीरामला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. कॅन्सर परत आला नाही. दर वर्षी तो "कान दाखवायला" म्हणून मुंबईला जायचा, डॉक्टर नाकात नळी घालून बघायचे आणि सगळं स्वच्छ आहे म्हणायचे. शेवंती फुलायची, तिचा वास यायचा नाही. भागुबाई काहीही रांधो, "चांगलं झालंय" एवढंच तो म्हणायचा. एकदा ती आमटीत मीठ घालायला विसरली, तेव्हाही चांगलं झालंय. त्या दिवसापासून तिनं विचारणंच सोडलं. तिला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तिनं तो गिळला. समर्थ नावाचा नातू झाला तेव्हा बारशाला सगळे आनंदात होते. गोटीरामनं बाळ मांडीवर घेतलं आणि आनंद कुठून सुरू करायचा असतो ते आठवायचा प्रयत्न केला.

थुंकीच नसल्यावर दात टिकतात कसले? हिरड्यांपाशी तपकिरी होऊन एकेक तुकडा निघायला लागला. तो एका बाजूनं चावायचा, मग दुसऱ्या बाजूनं, मग चावायचंच बंद करून भाकरी दुधात कालवायला लागला.

दोन हजार चार साली अधिक महिना आला. आपल्याकडे अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. भागुबाईनं पुरण घातलं, महेश आणि साधना आले, आणि मान म्हणून महेशच्या डॉक्टर भावालाही बोलावलं होतं. जेवताना गोटीरामचा डावा गाल टम्म सुजलेला कुणाच्याही नजरेतून सुटण्यासारखा नव्हता. खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. दुखणं तेवढं त्याला अजून कळत होतं, बाकी सगळं गेलं तरी.

"मामा, उद्या दवाखान्यात यायचं," डॉक्टर म्हणाले. "घरात डॉक्टर असताना असं अंगावर काढायचं नाही."

"जाईन कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? मी असताना दुसरीकडे गेलात तर लोक काय म्हणतील?"

दुसरीकडे जाऊन खरं सांगता आलं असतं, पण व्याह्यांचा डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे त्यांचा अपमान. दुसऱ्या दिवशी महेशनं स्कूटरवर मागं बसवून त्याला पंचवटीत आणलं.

दवाखाना स्वच्छ होता. गोटीराम खुर्चीत आडवा झाला. महेश पायाशी उभा राहिला. डॉक्टरांनी दिवा ओढला. "आ करा. अजून. एवढंच उघडतं?"

"पहिल्यापासूनच."

"सुपारी खायचात का?"

गोटीरामनं जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नव्हतं. कपाळाला गंध आणि गळ्यात माळ घालणाऱ्या घरातला माणूस तो. "खायचो," तो म्हणाला. "लय खायचो."

"आणि मानेवर हे काळं?"

"ल्हानपणी भाजलो."

डॉक्टरांनी मग नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे. "मामा, शुगर, बीपी, पूर्वी काही मोठं दुखणं, मोठे उपचार?"

ते वाक्य तोंडाशी होतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी म्हणून घेतलेलं, जसंच्या तसं. मला लाईट दिल्याली हाय. गोटीरामनं महेशकडे पाहिलं. महेशनं मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघायला लागला. गोटीरामच्या डोळ्यांपुढं नवसाबाईंची चहाची बशी आली. साधना या घरात सुखात होती. सासू तिला हाताखालची न समजता पोरीसारखी वागवत होती. एक वाक्य बोललं की ते सगळं कुठून कसं उसवेल, कोण सांगणार? आणि जखम काय, भरेलही. सगळ्यांचीच थोडी कुजते?

"नाय," तो म्हणाला. "काही नाय. कानाचं ऑपरेशन, तेवढंच."

इंजेक्शननं अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, आता जड लागेल. गोटीरामला फारसा फरक वाटला नाही. दाढ पटकन निघाली.

जखम भरली नाही. पावसाळा गेला, दसऱ्याला झेंडूचा बाजार झाला, तरी भरली नाही. डॉक्टरांनी धुतली, खरवडली, गोळ्या बदलल्या, शुगर तपासली, पुन्हा तपासली. खड्ड्यात पिवळट पांढरं हाड दिसायला लागलं. तोंडाला वास यायला लागला, जो गोटीराम सोडून सगळ्यांना येत होता. माणसं बोलताना एक पाऊल मागं सरकायची आणि तो बाटली पुढं करून म्हणायचा, उष्णता हाय. शेवटी जबड्याखाली बाहेरून भोक पडलं आणि पू वाहायला लागला. पाणी प्यायला की थेंबभर तिथून मफलरीवर यायचं.

सायखेड्यात बोभाटा झाला. नवसाबाई भरल्या घरात आपल्या डॉक्टर मुलाला म्हणाल्या, "सोयऱ्याची एक दाढ तुला नीट काढता आली नाही. काय शिकलास रे एवढी वर्षं?" मुलगा दर दोन दिवसांनी स्वतः मखमलाबादला येऊन जखम धुवायचा, मान खाली घालून, आणि जाताना म्हणायचा, "माझ्याकडूनच काहीतरी राहिलंय, मामा." गोटीराम ते ऐकायचा. सोयीच्या कानानं ऐकायचा आणि बाटली उघडायचा.

भागुबाईचा धीर सुटला. "मी सांगती त्यांला. तो पोरगा रोज झुरतोय."

"पोरीचं घर हाय," गोटीराम म्हणाला.

"आन तुमचं थोबाड? ते कुणाचं हाय?"

गोटीराम बाटली उचलून मळ्यात निघून गेला.

दिवाळीला साधना माहेरी आली. तिनं बापाच्या मानेची पट्टी सोडली, कापूस गरम पाण्यात बुडवला आणि पुसता पुसता, जसं काही आमटीत मीठ आहे का विचारावं, तसं म्हणाली, "अण्णा, यांना माहीत आहे."

"काय म्हाईत हाय?"

"तुमचा आजार. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं होतं. मला नाही राहवलं. ते म्हणाले, असू दे, आईला कळायला नको, आणि मामांना आपल्याला माहीत आहे हेही कळायला नको. त्यांना संकोच वाटेल."

गोटीरामनं डोळे मिटले. कॅलेंडराकडे वळलेली महेशची मान त्याला दिसली.

"मग खुर्चीपाशी उभे होते ते. दाढ काढायच्या वेळी. का नाय बोलले?"

साधनानं कापूस खाली ठेवला. "तुम्ही नाही म्हणालात ना. रडत होते नंतर घरी येऊन. दाढेनं हाड कुजतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, मामांनी भावासमोर नाही म्हटल्यावर मी सासऱ्याला खोटं कसं पाडू?"

कापसातलं पाणी गार झालं. दहा वर्षांत पहिल्यांदाच गोटीरामच्या आत काहीतरी हललं, आणि ते दुःख नव्हतं, लाज होती. लाज एवढी झोंबते हे तो विसरला होता.

भाऊबीज झाल्यावर तो आपण होऊन पंचवटीत गेला. दवाखान्याच्या वरच डॉक्टर राहायचे, नवसाबाई दिवाळीला तिथंच आल्या होत्या. त्यानं महेश आणि साधनालाही बोलावून घेतलं होतं. तो खुर्चीत नाही बसला. उभ्यानंच म्हणाला, "मला लाईट दिल्याली हाय. चौऱ्याण्णव साली. नाकाच्या मागं कॅन्सर होता."

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याची कळा आली, मग रागाची, आणि मग दोन्ही गेल्या. "मामा," ते म्हणाले, "एवढं एकच वाक्य लागत होतं."

"म्हाईत हाय. मला शिकवलं होतं त्यांनी."

नवसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बाई खऱ्या होत्या, खरंच बोलल्या. "त्या वेळी सांगितलं असतं तर मी ही सोयरीक केली नसती, व्याही."

"म्हणून तर," गोटीराम म्हणाला.

त्या वर गेल्या आणि थोड्या वेळानं साधनाच्या हातून त्याच्यासाठी दूध पाठवलं, कोमट, साखर विरघळवून. त्याला साखर कळली नाही, पण तो सगळं प्यायला.

मुंबईत जबड्याचं कुजलेलं हाड काढलं. डाव्या बाजूनं चेहरा आत गेला आणि बोलणं बोबडं झालं. तपासण्यांत कॅन्सरचा मागमूस नव्हता. रोग दहा वर्षांपूर्वीच निघून गेला होता. मखमलाबादेत आता सगळ्यांना सगळं कळलं, आणि कुणी ताटावरून उठलं नाही की कुणाची सोयरीक मोडली नाही. बोलायचं ते चार दिवस बोलले आणि कांद्याच्या भावाकडे वळले.

डॉक्टरांनी मात्र पंचवटीच्या त्या दवाखान्यात एक नवीन पद्धत पाडली. पेशंट खुर्चीत बसला की बरोबरच्या माणसांना ते बाहेर घालवतात. नवरा असो, सासू असो, पोटचं पोर असो. दार लावून घेतात आणि मगच विचारतात, पूर्वी काही मोठं दुखणं होतं का. लोकांना ते विचित्र वाटतं. काही जण चिडतात.

पुढं एका उन्हाळ्यात भागुबाईची दाढ ठणकायला लागली. गोटीराम तिला घेऊन आला, ती खुर्चीत बसली, आणि तो सवयीनं पायाशी उभा राहिला. डॉक्टरांनी दिवा ओढला, मग त्याच्याकडे बघून नरम आवाजात म्हणाले, "मामा, तुम्ही बाहेर थांबा."

गोटीराम बाहेर बाकावर जाऊन बसला. दार लागलं. आत डॉक्टर काहीतरी विचारत होते आणि भागुबाई बोलत होती. बराच वेळ बोलत होती. चाळीस वर्षांत ती त्याच्यापाशी एवढं सलग बोलली नव्हती. त्यानं उजवा कान दाराकडे केला, पण शब्द कळले नाहीत. मग त्यानं बाटली उघडली, एक घोट घेतला आणि ती बाहेर येईपर्यंत तिथंच बसून राहिला.